पोट कापून घेतलं म्हणजे नेमकं काय केलं?

पुण्याहून निघालेली मामाची गाडी बेळगावच्या वडगावात आमच्या दारात थांबली, तेव्हा मी पोटाला पट्टा बांधून मागच्या सीटवर बसले होते. उतरायलाच मला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात समोरच्या काकी ओट्यावर आल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय गे, पोट कापून घेतलीस म्हणे?"

ही जून २०२२ ची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघत होते, अजूनही बघते. काकींना मी नुसतं "हो" म्हणाले आणि आत गेले. नंतर तोच प्रश्न मला हळदीकुंकवात विचारला गेला, रिक्षात विचारला गेला, एकदा तर बँकेच्या रांगेत. ऑफिसातल्या कन्नड मैत्रिणीच्या आईनं त्याला 'होट्टे आपरेशन' असं नावच देऊन टाकलं. होट्टे म्हणजे पोट. मराठीत काय अन् कन्नडात काय, समज एकच: पोट मोठं होतं, कापून लहान केलं, आता कमी मावतं, म्हणून बारीक झाली. आणि त्यामागे न बोललेलं आणखी एक वाक्य असतं. जिभेवर ताबा नव्हता, म्हणून सुरी लावून घेतली.

पोट लहान केलं हे खरं आहे. पण नुसतं तेवढंच केलं असतं तर हे ऑपरेशन चाललंच नसतं. लहान पोटात दिवसभर थोडं थोडं कोंबत बसले असते. काकींना जे तेव्हा सांगता आलं नाही ते इथे सांगते.

राकसकोपचं पाणी

बारावीपासून मी काय काय केलं याची यादी मोठी आहे. सकाळी लिंबू-मधाचं पाणी. काकडी आणि ताकावर पंधरा दिवस. ओळखीतल्या एका ताईंनी विकलेली डब्यातली पावडर, जिच्या पैशांत चांगली सायकल आली असती. काँग्रेस रोडवर पहाटे चालणं. दोनदा माझं दहा-बारा किलो वजन उतरलं. दोन्ही वेळा वर्षभरात सगळं परत आलं, येताना दोन किलो जास्तच घेऊन आलं. दरवेळी मी समजायचे, आपणच कच खाल्ली.

असं का होतं ते बेळगावच्या माणसाला समजावणं सोपं आहे. राकसकोप जलाशयाची पातळी उतरली की आपल्याकडे काय होतं? पाणी एकदम बंद होत नाही, दोन पाळ्यांमधले दिवस वाढत जातात. नळ आला तरी धार बारीक असते. घरोघरी बायका पिंपं, कळश्या, बादल्या, मिळेल ते भरून ठेवतात. आणि पाऊस पडून धरण भरलं तरी ती भरून ठेवायची सवय लगेच सुटत नाही.

शरीरातली चरबी हा असाच साठा आहे आणि मेंदू त्याच्या पातळीवर डोळा ठेवून असतो. साठा भराभर उतरायला लागला की त्याला दुष्काळ आलाय असं वाटतं. आपण मुद्दाम डाएट करतोय हे त्याला कळत नाही. मग तो दोन गोष्टी करतो. शरीर नुसतं पडून असतानाही जी ऊर्जा वापरतं, तिच्यात कपात करतो. आणि भूक वाढवतो. अमेरिकेतल्या टीव्हीवर वजन घटवण्याची स्पर्धा चालायची. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ साली ते प्रसिद्ध केलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, पण शरीरानं लावलेली कपात उठली नव्हती. त्या वजनाच्या माणसाचं शरीर विश्रांतीत जेवढं खर्चतं, त्यापेक्षा त्यांचं शरीर रोज सरासरी ५०० कॅलरी कमी खर्चत होतं. म्हणजे साधारण अडीच-तीन भाकऱ्या. तेवढ्या भाकऱ्या रोज, जन्मभर, भूक लागलेली असताना सोडायच्या, तर वजन जागच्या जागी राहणार.

हे मला डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले. वाईट वाटलं म्हणून नाही. मला आळशी न म्हणता माझ्या वजनाबद्दल बोलणारा तो पहिला माणूस होता.

ऑपरेशन कुणाचं करतात

हा भाग थोडक्यात उरकते. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय निघतो. माझा जवळपास ४५ होता. पूर्वीचा जगभरचा नियम, १९९१ साली अमेरिकेत ठरलेला, असा होता: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार. माझ्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली आणि एक आंतरराष्ट्रीय, तो बदलला. आता ३५ च्या वर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनचा सल्ला देता येतो. आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी सगळेच आकडे खाली धरतात, कारण आपली चरबी पोटाभोवती साठते आणि कमी वजनातच शुगर गाठते. पण नुसता आकडा बघून कुणी टेबलावर घेत नाही. माझी पाळी चार-चार महिने येत नव्हती, तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.३ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर होती, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा. माझ्या घोरण्यावरून घरात चेष्टा चालायची. तो आजार आहे हे झोपेची तपासणी झाल्यावर कळलं.

केळं आणि बायपास

आपलं जठर वाटाण्याच्या मोठ्या फुगीर शेंगेसारखं असतं, वरच्या बाजूला जास्त फुगलेलं. माझं जे ऑपरेशन झालं त्याला स्लीव्ह म्हणतात, स्लीव्ह म्हणजे बाही. पोटावर चार-पाच बारीक छेद देऊन, दुर्बिणीतून बघत, जठराचा बाहेरचा फुगवटा उभा कापून काढतात. कापतानाच स्टेपलरनं कडा शिवली जाते. जवळपास पाऊण ते ८० टक्के जठर जातं आणि उरतं ते केळ्याच्या आकाराचं. आधी लिटरभर सहज मावायचं, तिथे आता चहाचा एक लहान कप. काढलेला भाग परत जोडता येत नाही, हे सही करण्याआधी मी तीनदा विचारून घेतलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. तो जो वरचा फुगवटा कापला जातो, तो नुसती पिशवी नसतो. घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. पोट रिकामं झालं की घ्रेलिन रक्तातून मेंदूकडे जाऊन सांगतं, जेवायला घाल. डाएट करून वजन उतरवलं की ते वाढतं, म्हणून डाएटवाला माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मोदकाकडेही टक लावून बघतो. स्लीव्हनंतर ते खाली येतं. शिवाय अरुंद नळीतून अन्न आतड्यात लवकर पोचतं, आणि तिथून 'पुरे झालं' असं सांगणारी हार्मोनं, जीएलपी-१ त्यातलंच एक, जास्त जोरात सुटतात. हेच जीएलपी-१ साखर आवरायलाही मदत करतं. म्हणून मधुमेहाच्या कित्येक रुग्णांची शुगर ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत सुधारायला लागते, वजन फारसं उतरलेलं नसतानाच.

धरणाच्या भाषेत सांगायचं तर साठ्याची पातळी उतरली, पण धोक्याची घंटा वाजवणारं यंत्रच खाली सरकवून ठेवलं.

मला हे कळलं ते दहाव्या दिवशी. आई स्वयंपाकघरात मिरचीची भजी तळत होती. वास आला. वास आवडलाही. आणि मग काहीच झालं नाही. तोंडाला पाणी नाही, पोटात ओढ नाही, एकच खाऊ का अशी मनातली घासाघीस नाही. डोक्यात वर्षानुवर्षं चालू असलेला रेडिओ कुणीतरी बंद केला होता, आणि तो चालू होता हे मला तो बंद झाल्यावर समजलं. माझ्या बारीक बहिणीला असंच वाटतं का? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "भूक नसली की कशाला आठवेल खाणं?"

दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास. हा शब्द वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांसमोर उच्चारायला जपावं लागतं. हलगा-मच्छे बायपास रस्त्यानं त्यांची सुपीक जमीन आणि बरीच वर्षं खाल्ली आहेत. पण कल्पना तीच. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे सहा छोटे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि तिला आतड्याचा पुढचा भाग थेट जोडतात. अन्नाची गाडी गावात न शिरता बाहेरून जाते. जुनं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग आतच राहतो. तिथून पाचक रस खाली येतात आणि पुढच्या जंक्शनवर अन्नाला मिळतात. १९६६ साली अमेरिकेत एडवर्ड मेसन या सर्जनांनी याची सुरुवात केली. स्लीव्ह त्या मानानं नवं. आधी ते मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा म्हणून फार वजनदार रुग्णांवर करायचे. पण अनेकांचं वजन तेवढ्यानंच इतकं उतरलं की दुसऱ्या टप्प्याची गरज पडली नाही.

सरासरी सांगायची तर स्लीव्हनं पहिल्या दीड-दोन वर्षांत एकूण वजनाचा चौथा हिस्सा जातो, बायपासनं त्याहून थोडा जास्त. मधुमेह मुरलेला असेल किंवा छातीत आधीच जळजळ होत असेल तर बहुधा बायपास सुचवतात, कारण स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढू शकतं. माझी एंडोस्कोपी स्वच्छ निघाली, म्हणून स्लीव्ह.

कागद

पैशाचं बोलायला हवं. माझं बिल साडेतीन लाखांच्या आसपास झालं. विमा कंपनीनं आधी हे सौंदर्यासाठीचं ऑपरेशन म्हणून दावा परत पाठवला. वास्तविक विमा नियामकानं २०१९ साली याच्या अटी स्पष्ट केल्या आहेत. वय १८ च्या वर, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर प्रकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, आणि साधे उपाय करून ते फसलेले असणं. शेवटच्या अटीसाठी पुरावा लागतो. मी आहारतज्ज्ञांच्या जुन्या पावत्या, चिठ्ठ्या आणि दर महिन्याच्या वजनाच्या नोंदी जोडल्या. त्या फेकून दिल्या नव्हत्या याचं श्रेय अकाउंट्सच्या नोकरीला. तुम्ही आज नुसता विचार करत असाल तरी आजपासूनच कागद जपा.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार देतात. अनेकांना वाटतं ही शेवटची परीक्षा घेतात. तसं नाही. लठ्ठ माणसाचं यकृत चरबीनं सुजलेलं असतं आणि ते नेमकं जठराच्या वर पसरलेलं असतं. दोन आठवड्यांत ते आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. याच काळात मानसोपचारतज्ज्ञांची भेटही असते. त्यांनी मला विचारलं, "घरात सगळे झोपल्यावर खातेस का?" मी नाही म्हणाले. मग त्या गप्प बसल्या. मग मी कुंद्याच्या डब्याबद्दल सांगितलं.

बेळगावच्या बाहेरच्यांसाठी: कुंदा म्हणजे दूध-खवा आटवून केलेला तपकिरी, दाणेदार गोड पदार्थ, आणि पाहुणा आला की त्याच्या हातात एक डबा देणं हे आमचं नागरिकत्व. हा कुंदा पुढे पुन्हा येणार आहे.

जोखीम म्हणाल तर, अनुभवी हातांत यातला जिवाचा धोका हजारात एकाच्या आसपास, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास जाणारा. शिवलेली कडा गळण्याचं प्रमाण शेकडा एकाच्या घरात. पण गळाली तर प्रकरण गंभीर. ताप, छातीची धडधड न थांबणं, श्वास लागणं, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी कळ यांतलं काहीही दिसलं तर रात्री बारा वाजताही फोन करायचा, हे पप्पांनी फ्रिजवर लिहून ठेवलं होतं.

ब्रोकोलीचा तक्ता

घरी आले तेव्हा हातात इंग्रजीतला आहाराचा तक्ता होता. त्यात ब्रोकोलीचं सूप होतं, ग्रीक योगर्ट होतं, ट्यूना होता. आई तो तक्ता बघून म्हणाली, "हे कुठं मिळतंय की, गणपत गल्लीत तर बघितलं नाही." मग आम्ही दोघींनी एका रविवारी बसून त्याचं घरच्या स्वयंपाकात रूपांतर केलं.

पहिले काही दिवस नुसतं पाण्यासारखं पातळ: गाळलेलं हुलग्याचं कढण, डाळीचं पाणी, पातळ ताक. मग दूध, प्रोटीनची पावडर, नाचण्याची आंबील. मग मिक्सरमधून काढलेली मूगडाळ, कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं. साधारण दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. प्रत्येक टप्प्याला कारण आहे: आतली शिवण भरून यायला वेळ लागतो आणि तोवर तिच्यावर दाब नको.

दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन हवं, हे सगळ्यात अवघड. पोटात कपभर जागा, तीही भाताला दिली तर स्नायू झिजतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. म्हणून ताटात आधी डाळ, अंडं, चिकन, मग भाजी, भाकरी शेवटी, जागा उरली तर. आमच्याकडे भाकरी शेवटी खाणं म्हणजे देवाची पूजा उलटी करण्यासारखं. आजीला ते अजून पटलेलं नाही.

दुसरा नियम पाण्याचा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. पाणी अन्नाला लवकर खाली ढकलतं आणि पोट भरल्याची जाणीव विरघळवतं. आणि एक घास जास्त झाला तर? छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं होतं, तोंडात लाळ सुटते आणि मग फेसाची उलटी. मैत्रिणीच्या साखरपुड्यात मला हे भोगावं लागलं. वाढपी भला माणूस होता, मी नको म्हणताना त्यानं एकच पुरी टाकली आणि मीही एकच खाल्ली.

केस, रक्त आणि स्थळं

चौथ्या महिन्यात कंगवा भरून केस येऊ लागले. आई घाबरली. वजन भराभर उतरलं की शरीर न लागणाऱ्या खात्यांचा खर्च थांबवतं, आणि केस त्यात पहिले. प्रोटीन आणि लोह नीट असेल तर काही महिन्यांत परत येतात. माझे आले, पूर्वीपेक्षा जरा पातळ.

गोळ्या मात्र जन्मभर. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो, आणि जठर उरलंय थोडं. लोहाला आम्ल लागतं. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व नसेल तर हाडं ठिसूळ होतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर एकमेकींची वाट अडवतात, दोन तासांचं अंतर ठेवायचं. सतत उलट्या होत असतील तर बी-१ काही आठवड्यांतच संपून मेंदू आणि नसांना इजा होऊ शकते, त्यामुळे 'होईल बरं' म्हणत बसायचं नाही. बायपास झालेल्यांनी साध्या अंगदुखीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, जोडाच्या जागी अल्सर होतात. त्यांना दारूही लवकर आणि जास्त चढते. गोवा आपल्याकडून जवळ आहे म्हणून हे सांगितलं. वजन वेगानं उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून पहिले सहा महिने मला त्यासाठीही गोळी होती.

आता जे कुणी लिहीत नाही ते. तिसऱ्या महिन्यात माझी पाळी नियमित झाली, आणि सातव्या महिन्यात आत्या स्थळ घेऊन आली. मुलगा निपाणीचा. तिच्या हिशेबानं ऑपरेशन लग्नासाठीच केलं होतं. पण वजन उतरताना थांबलेली बीजं पुन्हा सुटायला लागतात, गर्भ राहण्याची शक्यता अचानक वाढते, आणि नेमक्या त्याच काळात शरीर कुपोषणाच्या कडेवर असतं. म्हणून १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपासनंतर तर गर्भनिरोधक गोळ्यांच्या शोषणावरही भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय बघावा लागतो. हे आत्याला समोर बसून सांगताना माझे कान लाल झाले होते. आत्याचे झाले नाहीत. ती म्हणाली, "मग असं सांग की दीड वर्ष थांबायचंय. एवढं इंग्लिश कशाला?"

मग पुढचा प्रश्न: मुलाकडच्यांना ऑपरेशनचं सांगायचं की नाही. घरात तीन रात्री यावर खल झाला. पप्पांचं म्हणणं, चष्म्याचा नंबर सांगतो तसं सांगायचं. आजीचं म्हणणं, विचारलं तर सांगायचं. मी सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. कारण वेगळं दिलं.

आणि लटकलेली कातडी. दंडाची, पोटाची. व्यायामानं ती जात नाही, ती काढायचं ऑपरेशन वेगळं आणि ते विम्यात बसत नाही. मी लांब बाह्यांचे कुर्ते घालते. एवढंच.

कुंद्याला कोण अडवणार

सोळा महिन्यांत ११२ वरून ८१ वर आले. आज ८५ आहे. म्हणजे बीएमआय अजून ३४. पुस्तकाच्या हिशेबानं मी अजून लठ्ठच आहे. पण शुगर ५.४ आहे, रात्री श्वास अडकत नाही, येळ्ळूरच्या राजहंसगडावर न थांबता चढते. काही वजन परत येणं हे या ऑपरेशनचं नेहमीचं आहे. घ्रेलिनची ती शांतता पहिल्या वर्षाइतकी पुढे राहत नाही, पोटही थोडं सैलावतं.

आणि स्लीव्ह अडवतं ते घट्ट अन्नाला. चिकन अडतं, भाकरी अडते. कुंदा अडत नाही. आइस्क्रीम, गोड चहा, फरसाणाचा चुरा हे सगळं नळीतून सुळकन खाली उतरतं. माझे चार किलो मार्चच्या वर्षअखेरीत ऑफिसात आले, रात्री नऊपर्यंत ताळेबंद आणि टेबलावर कुणीतरी आणून ठेवलेला डबा. भुकेचं ऑपरेशन झालं होतं, थकव्याचं नाही. मी पुन्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते, महिन्यातून एकदा, फोनवर.

आता लोक विचारतात, "इंजेक्शन आलंय म्हणे, मग उगाच कापून घेतलीस?" मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन 'मौंजारो' नावानं भारतात आलं. ते आतड्यातल्या हार्मोनांची नक्कल करतं, वर सांगितलेलं जीएलपी-१ त्यातलंच एक. चाचण्यांत सर्वांत मोठ्या डोसनं दीड वर्षाच्या आत सरासरी २० टक्क्यांच्या वर वजन उतरलं, म्हणजे स्लीव्हच्या जवळपास. पण बंद केलं की बरंचसं परत येतं, त्यामुळे खर्च दरमहाचा. २०२२ मध्ये ते इथे असतं तर मी आधी तेच घेऊन बघितलं असतं. ज्यांचा बीएमआय खूप जास्त आहे किंवा ज्यांना दरमहाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी ऑपरेशनची जागा अजून आहे, आणि काहींना दोन्ही लागतं.

माझा मावसभाऊ सोळा वर्षांचा आहे, वजन १२० किलो. मावशीनं विचारलं, इतक्या लहान वयात करतात काय? अमेरिकेत करतात. तिथल्या एका मोठ्या अभ्यासात किशोरवयात बायपास झालेल्यांना पाच वर्षं पाहिलं, २०१९ साली ते छापून आलं. वजन मोठ्यांइतकंच उतरलं, सरासरी २६ टक्के, पण मधुमेह ८६ टक्के मुलांचा गेला, मोठ्यांमध्ये ५३ टक्क्यांचा. लवकर केलं तर आजार मुरायच्या आत सुटतो. त्याच अभ्यासात मुलांमध्ये लोहाची कमतरता मोठ्यांपेक्षा जास्त निघाली. सोळा वर्षांचा पोरगा रोज गोळ्या घेईल? मी मावशीला एवढंच म्हणाले, की आधी त्याला त्याच्यासमोर 'हत्ती' म्हणायचं थांबवा, आणि मग डॉक्टरांकडे जाऊ. मी येते सोबत.

गेल्या वर्षी आत्याच्या गावी लक्ष्मी यात्रा होती. आमच्याकडे एकेका गावाची ही यात्रा कित्येक वर्षांनी येते, आणि आली की त्या गावातल्या प्रत्येक घरी दोनशे-तीनशे माणसं मटणाला असतात. नको म्हणणं हा अपमान. मी दोन फोडी, चमचाभर रस्सा घेऊन हळूहळू चावत बसले होते. आत्याची जाऊ पातेलं घेऊन आली. "एवढंच? आमच्या घरचं चालत नाही काय गे तुला?"

माझ्या तोंडात घास होता. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला, "वाढू नको गे तिला, तिची टाकी बारकी हाय!"

टाकी नाही, आत्या, घंटा. पण पंगतीत तीनशे माणसं होती, मी सांगत बसले नाही. हात धुऊन माडीवर जाऊन टेकले. अर्ध्या तासानं आत्याच वर आली आणि पाण्याचा तांब्या ठेवून गेली.